खांबामागची जागा

"यंदा बायका मंडपाबाहेर," उत्तमराव पंच म्हणाले, तसे नत्थुजी ताडकन उठले.

"काहून? रुक्मिणीचं माहेर हे कौंडण्यपूर, अन् तिच्याच सयंवराच्या कीर्तनातून बाया बाहेर? पंच म्हणवता, लाज वाटते का काही?" तोंडाला कायम गुंडाळलेल्या उपरण्यातून त्यांचे शब्द जरा फुसफुसत आले.

"अमरावतीहून डिप्टी कमिशनर साहेब येऊन राहिले. खुर्च्यायले जागा लागते."

नत्थुजी अमरावतीकडचे माळी. दर कार्तिकी यात्रेला, अकोल्याच्या वामनबुवांच्या कीर्तनात, खांबाला पाठ टेकून उपरण्याआड मोरचंग वाजवायचे. तळहातात मावेल एवढं लोखंडी वाद्य. दातांवर धरायचं आणि त्याची पोलादी पाकळी बोटानं छेडायची. रुक्मिणीला न्यायला निघालेल्या कृष्णाचे घोडे त्यातून असे दौडत की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांना धार लागे. पंढरीनाथानंच ही विद्या माळ्याच्या पदरात टाकली, असं लोक म्हणत.

"साहेबाले तुमचं मोरचंगच तर ऐकायचं हाय," उत्तमराव म्हणाले. "त्यायच्यात याले ज्यूज हार्प म्हणतात म्हणे."

"मद्रासेकडं मोरसिंग," बुवा हसले. "देवाला कुठल्याही नावानं पोचतं."

"नावं राहू द्या, बुवा. आमच्या घरची त्या खांबामागं बसते. तिले उठवू नका, एवढंच मागतो."

कौशल्याबाई बाजूला दातांनी ऊस सोलत होत्या. "जाऊ द्या ना. काहून तंडता?"

"काय जाऊ द्या? वीस वर्सं तुयी जागा हाय ते!"

उत्तमरावांनी डोळा मिचकावला. "बायको जवळ नसली तर वाजत नाही काय, नत्थुजी?"

"नाही वाजत."

सगळे पंच खो खो हसले.

दुपारी साहेब आले. खुर्च्या भरल्या. बाया बाहेर निंबाखाली, अर्ध्या उन्हात. कौशल्याबाईही चंची कमरेला खोचून तिकडे गेल्या.

कीर्तन रंगलं. बुवांनी कृष्णाचा रथ जोडला आणि मोरचंगासाठी थांबले. मंडपानं कान टवकारले.

"वाजवा!" उत्तमराव दातओठ खात पुटपुटले.

नत्थुजींनी भर मंडपात उपरणं सोडलं आणि तोंड उघडून दाखवलं. त्यात एकही दात नव्हता.

अन् बाहेर, निंबाखालून, कृष्णाचे घोडे दौडत आले.