परतीचं बी

बशीतली नाचणी चौथ्या दिवशीही उगवली नव्हती.

नूतनने भिंग लावून पुन्हा पाहिलं. वीसच्या वीस दाणे ओल्या कापसावर ढिम्म. याच नाचणीचे आणखी वीस दाणे टेबलावरच्या वीतभर डब्यात बंद होते. आज दुपारी बाराला गाडी येणार, डबा घेऊन जाणार आणि महिन्याभरात तो पृथ्वीभोवती फिरू लागणार. जिथे कशालाच वजन नाही तिथे नाचणी कशी रुजते, त्याचे फोटो तो खाली धाडणार. जुन्नरच्या पोरांनी केलेला उपग्रह! त्यापायी नूतनने दोन वर्षं ना सण पाहिला ना वार. फक्त बी तेवढं, घरचं म्हणून, आधी उगवून पाहिलं नव्हतं. आईच्या बियावर कोण संशय घेणार?

तेवढ्यात तिची आई, झुंबरबाई, प्रयोगशाळेच्या दारात उभी. लेकीचा डबा उडायच्या आधी डोळ्यांनी बघायचा म्हणून डोंगरातून पहिल्या एसटीने आलेली. तिने बशीकडे पाहिलं आणि खाली फतकल मारली.

“उगवायचं न्हाई ते. तव्यावर शेकलंय मी.”

“आई! अगं काय केलंस हे?”

“वरडू नगं. बी नेलं की सुगीला मूठभर परत यावं लागतं. तूच म्हणालीस, हे काय परत यायचं न्हाई. न परतणारं बी जितं दिलं तर घरचं वाण तुटतं.”

“मग तेव्हाच सांगायचंस ना!”

“सांगितलं असतं तर हसली असतीस.”

हे मात्र खरं होतं. नूतन हसलीच असती.

नाचणी काय, बाजारात पोत्याने मिळाली असती. पण सगळ्या कागदांवर याच वाणाचं नाव होतं. दहा वाजले होते. डबा उघडायचा, नवे दाणे औषधाने धुवायचे, वाळवायचे, पुन्हा स्क्रू आवळायचे. जेमतेम जमलं असतं.

झुंबरबाईने पदराची गाठ पुढे केली. “ह्यातलं जितं हाय. तुझं वाईट करायचंय व्हय मला? रातभर डोळ्याला डोळा न्हाई लागला. फकस्त एवढं म्हण, कायबी करून परत आणीन.”

नूतनला सगळं ठाऊक होतं. वर्षभराने डबा खाली ओढला जाणार आणि वरच्या वरच जळून राख होणार. आईशी ती आजवर खोटं बोलली नव्हती. बारावीला नापास झाली तेव्हासुद्धा नाही.

तिने घड्याळाकडे पाहिलं.

“आणीन,” ती म्हणाली.

“बघ हं.”

“आणीन म्हटलं ना!”

झुंबरबाईने दातांनी गाठ सोडली.

बाराला नव्या दाण्यांचा डबा घेऊन गाडी हलली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांच्या तोंडात पेढे कोंबले. नूतनने आपला पेढा हातातच ठेवला. झुंबरबाईने फाटकापर्यंत जाऊन गाडीला हात जोडले, मग एसटीसाठी पिशवी उचलली. चेहरा कसा निवळलेला.

“बियाचं एक मडकं रिकामं ठिवते,” ती लेकीला म्हणाली. “तू येस्तवर त्यात दुसरं काय भरायची न्हाई.”