वेणाईची नदी

अर्पिताच्या पत्राला दिनकररावांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र उन्हाळ्यात आलं होतं, आणि आता पिंगळीच्या शिवारात तुरी वाळायला लागल्या होत्या. 'सर, फोनवर तुम्ही नुसतं छान छान म्हणाल, म्हणून लिहून विचारते. माझी कादंबरी फारशी कुणी वाचलेली नाही. पुढचा भाग अर्धा लिहून पडलाय. पुरा करू की सोडून देऊ? तुम्ही म्हणाल तसं.'

सोबत कादंबरी होती, उशीएवढी जाड. दिनकररावांनी ती दोनदा वाचली. दोन्ही वेळा जेवणाची आठवण राहिली नाही, आणि दोन्ही वेळा वाटलं, आपल्या वर्गातली पोर म्हणून आवडली असेल. जन्मभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला राजे आणि राक्षसांतलं काय कळतं? म्हणून तिसऱ्यांदा त्यांनी ती बायकोला वाचून दाखवायला घेतली. तानुबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. निवडणं-टिपणं बंद होतं. ती ऐकायला बसली.

आज दुपारी शेवटचं पान आलं. आंधळ्या राजाचा मुकुट समुद्राकडे नेणारी नावाडीण वेणाई भर पात्रात उभी राहिली, आणि नदीने तिला गिळलं. दिनकररावांनी पुस्तक मिटलं.

"मिटलं काय?"

"संपलं."

"वेणाई मेली आन् तुमी मिटायलाव? मरणावर पोथी ठेवत असतेत का? पुढल्या अध्यायातलं थोडं वाचायचं, मग ठेवायची. पोखर्णीच्या देवळात कदी पोथी ऐकली न्हाई?"

"ही पोथी नाही गं."

"ऐकणारी मी हाय ना? वाचा."

पुढचं पान कोरं होतं. पण तानुबाईला नाही म्हणणं दिनकररावांना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला आणि कोऱ्या पानावर नजर ठेवून सुरुवात केली. "पहाट झाली. वेणाईचा हात पाण्याबाहेर दिसला. नदीला तिची दया आली. एका लाटेने तिला अलगद उचलून..."

"थांबा. हे त्या पोरीचं न्हाई."

"म्हणजे?"

"तिच्या नदीला दया कवा आली? मेंढक्याला पार केलं, तर त्याची सावली घेतली. राणीची झोप घेतली. त्या लेकराची तर मायला मारायची हाक घेतली. काई न घेता ती वेणाईला सोडंल व्हय? हे तुमचं हाय, मास्तर."

दिनकररावांचे कान तापले. मग ते हसायला लागले, इतके की चष्मा काढून ठेवावा लागला.

"दात काडायला काय झालं?"

"अगं, दोन ओळींत धरलंस मला."

"मंग? इतके दिस तिचंच ऐकायलेय की."

तिने चाचपत पुस्तक पाटावर घेतलं, उघडलं आणि वर धुतलेला पंचा पांघरला. "आता मिटायचं न्हाई. पुढचं येईस्तवर असंच ऱ्हाऊ द्या."

दिनकररावांनी पोस्टकार्ड काढलं. एरवी आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून, खोडून, पुन्हा लिहीत. आज सरळ कार्डावरच लिहिलं : 'तुझ्या पुस्तकापुढे माझ्या दोन ओळी जोडून पाहिल्या. तुझ्या काकूंनी लगेच ओळखलं. त्यांना माझी नदी चालत नाही, तुझीच लागते. पुढचा भाग लिही.'

तानुबाईला हाताला धरून ते पोस्टापर्यंत गेले. कार्ड पेटीच्या तोंडाशी धरून ते थांबले.

"'लिही' असं लिहिलंय. 'लिहावंस असं वाटतं' म्हणायला हवं होतं का?"

"टाका."

त्यांनी कार्ड सोडलं. आत ते तळाला लागल्याचा बारीक आवाज झाला.

"आन् नदीनं वेणाईचं काय घेतलं, ते इचारलं का?"

दिनकररावांनी पेटीकडे पाहिलं. "ते राहिलंच की."

"ऱ्हाऊ द्या," तानुबाई वळत म्हणाली. "तिला ठावं असंल."