दोनशे मिलीची बाटली

“हा फोटो तुमचाच?” विमानतळाच्या दारावरच्या पहारेकऱ्याने ओळखपत्र तिकिटाशी ताडून बघत विचारलं.

“वीस वर्षांपूर्वी माझाच होता,” ताई म्हणाली. त्याने हसून आत सोडलं.

मोठी बॅग काउंटरवर दिली, तेवढ्यात आईचा फोन आला.

“धाकटीला घेऊनच ये हं. ती नसेल तर तूही येऊ नकोस. तीन वर्षं झाली, साधा फोन नाही कार्टीचा!”

“आणते गं, बाई.”

तपासणीच्या यंत्रातून ताईची पर्स बाहेर आली ती थेट बाजूलाच गेली. गणवेशातल्या मुलीने आतून अत्तराची बाटली काढली.

“मावशी, ही दोनशे मिलीची आहे. शंभरच्या वर चालत नाही.”

“अगं, तळाशी चमचाभर उरलंय.”

“आतलं नाही बघत आम्ही, बाटलीवरचा आकडा बघतो. मोठ्या बॅगेत टाकायची होतीत.”

“आणि फुटली असती म्हणजे? धाकट्या बहिणीची आहे. ही नसेल तर मला घरात शिरता यायचं नाही.”

“इतकी रागावते बहीण?”

“ती कशाला रागावतेय!” ताई हसली. “लहानपणी आमचे आवाज इतके सारखे, की फोनवर बाबासुद्धा फसायचे. आई तेवढी हुंगून ओळखायची. माझ्या बोटांना कायम शाई, आणि धाकटी आईचंच अत्तर चोरून फासलेली. मार मात्र दोघींना.”

मुलगीही हसली. मग कचऱ्याच्या डब्याकडे बघून म्हणाली, “नियम आहे हो, मावशी.”

“बाटली टाक तू. आतलं माझं.”

ताईने झाकण उघडलं. मानेला, मनगटांना, ओढणीला, शेवटचा थेंब केसांना. रांगेतला एक गृहस्थ तीनदा शिंकला. रिकामी बाटली ताईने स्वतःच डब्यात टाकली.

दुपारी तिने घराची बेल दाबली. आईने चाचपडत कडी काढली. गेल्या वर्षी तिची नजर पुरती गेली होती. तिने हात पुढे केले, ताईच्या मानेत तोंड खुपसलं आणि खोल श्वास घेतला.

“आलीस, धाकटे!”

धाकटी गेल्याचं तीन वर्षांत ताईच्या तोंडून निघालं नव्हतं. आताही निघालं नाही.

“आणि ताई कुठंय गं?”

“तिला विमानतळावर अडवलं, आई.”