खंडेनवमीचा गोळा

चाकणच्या किल्ल्याजवळ पाया खणताना निघालेला लोखंडी गोळा आमच्या चिखलीच्या शेडमध्ये फाटक अडवायला असायचा. खंडेनवमीला हत्यारांसोबत त्याचीही पूजा व्हायची, पण तो घरंगळायचा. म्हणून यंदा शेठ आमच्या वेल्डरला म्हणाले, “शफीभाई, पूजेआधी ह्याला खाली रिंग वेल्ड करा.” गंज काढायला हातोडी मारताच शफीभाई थबकले. “राव, हा पोकळ निघाला!” पोकळ वस्तू आत बघितल्याशिवाय तापवायची नाही, हा धंद्यातला पहिला धडा. त्यांनी गोळा हळूच कलंडवला. वरच्या बारीक भोकातून आधी राख सांडली, मग काळी भुकटी. हुंगून ते ओरडले, “तोफगोळा! आत बारूद! पळा!” तेवढ्यात शेठच्या आई पूजेचं ताट घेऊन आल्या, पेटती उदबत्ती धरून गोळ्यावर वाकल्या. शफीभाईंनी मनगट धरलं. “आई, तिथं नको!” “नको काय? दरवर्षी त्याच भोकात खोचते मी!”