पेट्रोनाची दुसरी साक्ष

"या मुलीची आई कोण?"

न्यायाधीशांनी विचारलं आणि तोच प्रश्न टेबलावरच्या फोनमधून पेट्रोनाच्या माम बोलीत बाहेर आला. फोनवर दुभाषा होता, फेर्मिन. पेट्रोनाच्या गावापासून दोन डोंगर पलीकडचा. अख्ख्या टेक्सासात तेवढा एकच आवाज तिला घरचा वाटत होता.

पेट्रोनाने वकीलबाईंकडे पाहिलं. सीमेवरच्या चौकीत हाच प्रश्न आला तेव्हा तिने छातीवर हात ठेवून "मी" म्हणून सांगितलं होतं. जन्माच्या दाखल्यावरही तिचंच नाव. मग कुणीतरी दोघींच्या गालांच्या आतून कापूस फिरवून नेला आणि तपासणीत निघालं, ही आई नव्हे. झालं! दाखला बनावट, बाई लबाड. त्याच दुपारी पोरीला, निकोलासाला, उचलून कुठल्याशा लांबच्या बालगृहात नेलं.

आता यात लबाडी कसली? थोरल्या लेकीला लग्नाआधी मूल झालं की ते आजीच्या नावावर लिहायचं, ही तर गावची रीतच. कारकुनाने मान वर न करता लिहून घेतलं होतं. त्याची स्वतःची धाकटी बहीण तशीच तर होती! लेक ओफेलिया पुढे टेनेसीत कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला गेली. निकोलासा तिला ताई म्हणायची. सात वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

सकाळीच वकीलबाईंनी फेर्मिनकरवी समजावलं होतं. "आज आजी आहे म्हणून सांगा. मग पोर ओफेलियाकडे जाईल. तिच्याकडे राहायचे कागद आहेत."

"आणि मी?"

"तुम्हाला परत जावं लागेल."

"आणि आईच म्हटलं तर?"

"तर दोघी परत. नाहीतर पोर बालगृहातच राहील. काही सांगता येत नाही."

परत, म्हणजे ज्यांनी नवऱ्याला मारलं त्यांच्याच दारावरून पोरीने शाळेत जायचं. चौकीत खरं सांगितलं तर ते खोटं ठरलं. आज सांगायचं ते खरं म्हणतात, आणि तिच्या जिभेवर ते खोट्यासारखं अडकत होतं.

"काकू, साहेब थांबलेत हो," फेर्मिन हळूच म्हणाला.

भिंतीवरच्या पडद्यावर निकोलासा दिसत होती. बालगृहातल्या कुणीतरी तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या. पेट्रोना एकच घालायची. पोरगी खुर्चीवर पाय हलवत बसली होती, बारीक झाली होती.

"मी आजी," पेट्रोना म्हणाली. "आई ओफेलिया."

फेर्मिनने इंग्रजीत सांगितलं. वकीलबाईंचे खांदे सैल पडले. न्यायाधीश लिहू लागले. इथलं बोलणं तिकडे पोरीला ऐकू जातं, हे एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

निकोलासा खुर्चीवर उभी राहिली. "साहेब, तिचं ऐकू नका! ती घाबरली की असंच काहीबाही बोलते. ए आई, घाबरू नको ना गं. खरं सांग त्यांना!"

न्यायाधीशांचं पेन थांबलं. "काय म्हणतेय मुलगी?"

फेर्मिनने इंग्रजीत न सांगता माम बोलीतच विचारलं, "काकू, काय सांगू यांना?"

पोर खरं बोलत होती. आणि हे खरं इंग्रजीत गेलं तर पोरीचंच वाटोळं. तिने वकीलबाईंकडे बघितलं, पण त्यांना माम कुठे कळत होतं!

"सांगा, पोर हो म्हणाली," तिने कसंबसं म्हटलं. "ताईकडे जाते म्हणाली, खुशीने."

फेर्मिनने घसा खाकरला आणि इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. न्यायाधीश ऐकत होते, पण बघत होते पडद्याकडे. तिथे निकोलासा रडत, दोन्ही हात हलवत, नाही, नाही, नाही करत होती.