पांढऱ्या शर्टाची बटणं

"हे मेलं नेढं दिसतच नाही. सुईत दोरा ओवून देतोस का रे?" आईनं तिसऱ्यांदा विचारलं. "आई, किती वेळा तेच? परवा चर्चच्या मिशनला निघायचंय, ख्रिस्तासारख्या प्रेमावरचं भाषण पाठ करतोय ना!" मी खेकसलो. पुन्हा तिनं हाक मारली नाही. मिशनच्या गावी पहिल्या सकाळी नवा पांढरा शर्ट घातला. वरची दोन सैल बटणं आईनं पक्की लावली होती, पण काळ्या दोऱ्यानं. बाबांची पँट शिवताना उरलेला, सुईतच राहिलेला दोरा. दुसरा ओवायला तिला दिसत नव्हतं, आणि मुलगा कामात होता. "असू दे, टायखाली झाकलं जातंय," सोबतचा मिशनरी म्हणाला. पहिल्याच घराची बेल वाजवली. दार उघडून एका आजींनी विचारलं, "काय सांगायला आलात, बाळांनो?" टाय घट्ट दाबून धरत मी पाठ केलेलं प्रेम सांगायला लागलो.