चौथं बीकन

माणसं चार. फावडी चार, बर्फात खुपसायच्या लांब काठ्या चार, बर्फाखाली गाडलेल्याचा पत्ता सांगणारी, छातीशी बांधलेली बीकन चार. खोपीच्या दारात, नेहमीच्या जागी, वाटाडे कुमागाई उभे होते. आपलं बीकन त्यांनी ‘शोध’वर टाकलं होतं; तसं ते दुसऱ्यांचे सिग्नल पकडतं, स्वतःचा सोडत नाही. बाकीच्यांची बीकन सिग्नल सोडत होती. एकेक जण स्कीवरून त्यांच्यासमोरून सरकत गेला.

“एक,” पडद्यावरचा आकडा बघत कुमागाई म्हणाले. तो सापोरोचा दातांचा डॉक्टर, हाचिया. “दोन.” ती त्याची बायको, रित्सुको. “तीन.” ती कुमागाईंची स्वतःची सून, तोमोए. “चला. वर गाडले गेलात तर हेच तुमचं तोंड. हे बोललं नाही, तर माणूस डोंगराचा.”

त्यांच्या बीकनची टिकटिक त्यांनी केव्हाच बंद करून टाकली होती. टिकटिकीत डोंगर ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मुलाचंही तेच म्हणणं असायचं. त्यांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ते पुढे निघाले.

चढताना तोमोएला चैन पडेना. काहीतरी राहिलं होतं. तिने थर्मास चाचपला, हातमोज्यांची जादा जोडी चाचपली, भाताचे गोळे मोजले. सगळं जागच्या जागी होतं. बर्चची झाडं संपली तिथे पायाखालचा बर्फ ‘वुम्’ असा आवाज करून किंचित खचला. कुमागाईंनी हात वर केला. सगळे थांबले.

“डोंगर पोटात गुरगुरतोय,” ते म्हणाले. “इथून पुढे अंतर ठेवा. नवराबायकोनेसुद्धा.”

“वीस वर्षं तेच करतोय,” हाचिया म्हणाला. रित्सुकोने त्याला काठीने ढोसलं.

माथ्यावर वारा होता. कुमागाईंनी खिशातून साकेची, तांदळाच्या दारूची, छोटी बाटली काढली आणि खाली उतरणाऱ्या घळीच्या तोंडाशी बर्फात ओतली. मग पाहुण्यांना सांगायला सुरुवात केली. गेल्या फेब्रुवारीत त्यांचा मुलगा, तोमोएचा नवरा शुंतारो, दोन पाहुण्यांना घेऊन इथेच आला होता. घळीतला बर्फ सुटला आणि तो गाडला गेला. त्याच्या बीकनचा सिग्नल कोणालाच मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी गावाने रांगेने काठ्या खुपसत त्याला शोधून काढलं.

“बीकन ‘शोध’वर होतं त्याचं,” कुमागाई म्हणाले. “स्वतःचा जीव वाचवायचा सोडून पोरगा दुसऱ्याला शोधत होता.”

तोमोएने हे अंत्यविधीत ऐकलं होतं, देवळात ऐकलं होतं, खोपीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याबरोबर ऐकलं होतं. या एका वाक्यावर सासऱ्यांच्या घशाखाली घास उतरत होता. तिच्याही.

“आणि ते पाहुणे?” रित्सुकोने हळूच विचारलं.

“सुखरूप. खाली पोचून याचीच वाट बघत होते ना. एक कण नाही पडला अंगावर.”

तोमोए चढणीसाठी स्कीच्या तळाला चिकटवलेल्या पट्ट्या सोलून काढत होती. तिचा हात थांबला. दोघंही खाली होते. वर कोणीच उरलं नव्हतं. मग शुंतारो कोणाला शोधत होता?

आणि एकाएकी तिला सकाळपासून काय टोचत होतं ते कळलं. एक, दोन, तीन. मोजणी तिथेच थांबली होती.

कुमागाईंनी बूट आवळले. “पहिला मी. खाली पोचून काठी वर केली की एकेक जण या. वळणं लहान घ्या.” त्यांच्या स्कीची टोकं घळीवर आली.

“बाबा, थांबा.”

“आता काय विसरलीस, सूनबाई? चूल विझवायला?”

“सकाळी तुम्हाला कोणी मोजलं?”

हाचिया खो-खो हसला. “घ्या! सून सासऱ्याची हजेरी घेतेय!”

“मला?” कुमागाई वळले. “तीस वर्षं त्या दारात मीच मोजतोय. शुंतारोलाही मोजायला मीच शिकवलं.”

“हो. एकदा माझ्यासमोरून जा.”

“वारा वाढतोय. वेळ घालवू नकोस.”

“तुम्ही समोरून गेल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग नाक फेंदारत, बाजूबाजूने पावलं टाकत ते माथ्यावर परत आले. तोमोएने आपलं बीकन ‘शोध’वर टाकलं. पडद्यावर दोन सिग्नल उमटले. हाचिया, चार मीटर. रित्सुको, सहा. सासरे तिच्या पुढ्यात येऊन उभे राहिले, इतके जवळ की त्यांच्या श्वासाने तिचा चष्मा धुरकटला. तिने काच पुसली. सिग्नल दोनच होते.

“तुझं बिघडलंय,” कुमागाई म्हणाले.

तिने पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी जॅकेटची चेन खाली ओढली. हाचियाने मान पुढे काढून त्यांच्या छातीकडे पाहिलं.

“अरेच्चा! ‘शोध’वरच आहे की!” तो म्हणाला. “कुमागाईसान, सकाळपासून तुम्ही कोणाला शोधताय?”

कोणीच हसलं नाही. कुमागाई घळीच्या तोंडाशी साकेने पडलेल्या खळग्याकडे बघत राहिले. वाऱ्याने त्यात भुरभुर बर्फ भरत होता. शेवटी त्यांनी हातमोजा दाताने ओढून काढला. अंगठा खटक्यावरून एकदा घसरला. दुसऱ्यांदा खटका बसला.

तोमोएच्या पडद्यावर तीन सिग्नल होते. सर्वांत जवळचा शून्य पूर्णांक आठ दशांश मीटर.